कोरड्या बोअरचा हिशेब

(मुलुंड येथील मंडळीत उपकारस्तुतीच्या रविवारी उपासनेनंतर केलेले भाषण. वेळेअभावी बोलायचे राहिलेले एकदोन मुद्दे लिहून काढताना घेतले आहेत.)



उपकारस्तुतीच्या दिवशी पाड्यावरच्या कामाविषयी बोलायला मला दरवर्षी बोलावता. मी फोटो आणते, मुलांची गाणी ऐकवते, तुम्ही प्रेमाने अर्पण देता. यंदा फोटो आणलेले नाहीत. यंदा मी हिशेब द्यायला आले आहे. तुम्ही शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर बोअर मारण्यासाठी जे पैसे दिले होते, त्यांचा आकडा मागच्या अंकात ताळेबंदात छापून आला. पण आकड्याच्या पलीकडचे तिथे छापले नव्हते. ते असे, की ती बोअर कोरडी पडली आहे. हातपंपावर अजूनही आपल्या मंडळीच्या नावाची पाटी आहे, आणि मार्चनंतर दांडा हलवला की हवेचा आवाज येतो.

हे सांगायला मला दीड वर्ष लागले, याबद्दल प्रथम क्षमा मागते.

आता हा व्यासपीठावरचा ग्लास बघा. मघाशी एका मुलाने आणून ठेवला. मुलुंडकरांना पाणी कुठून येते हे सांगायला नको. आपल्या वस्तीतून जाणारे ते अजस्र लोखंडी पाईप आपण लहानपणापासून पाहतो, तानसाची पाईपलाईन. मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत. तुळशी आणि विहार हे दोन आपल्या राष्ट्रीय उद्यानात. बाकी पाच म्हणजे तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. सातही भरले की साठा होतो साधारण 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर. पावसाळ्यात पेपरात रोज हा आकडा येतो. त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. तुळशी आणि विहार मिळून शेकड्याला अडीचसुद्धा भरत नाहीत. म्हणजे आपण उपनगरात राहणारे लोक पाणी पितो ते ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, मल्हार कोळी या लोकांच्या डोंगरांवर पडलेले. तानसा धरण 1892 साली पुरे झाले. आपल्यातल्या पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनीही तेच पाणी प्यायले असेल.

दाविदाची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तो अदुल्लामच्या गुहेत असताना बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीच्या पाण्याची त्याला आठवण झाली. तो सहज बोलून गेला. त्याचे तीन वीर पलिष्ट्यांच्या छावणीतून घुसले आणि पाणी घेऊन आले. दाविदाने ते प्यायले नाही, परमेश्वरापुढे ओतून टाकले. माणसांनी जिवावर उदार होऊन आणलेले पाणी त्याच्या घशाखाली उतरेना. डिप्लोमाच्या वर्गात हा उतारा आम्ही दाविदाच्या थोरवीसाठी शिकलो. आता मला त्यात दुसरेच दिसते. दाविदाला निदान माहीत होते की पाणी कोणी आणले. आपण नळ उघडतो.

शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. ज्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, त्याच तालुक्यात. तुमच्यापैकी काहीजण आमच्याबरोबर आले आहेत, त्यांनी पाहिले आहे. मे महिन्यात टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो, आणि बाया घागरी घेऊन काठावर वाकतात. हे पाहूनच तर तुम्ही बोअरचे पैसे दिले होते. तुमच्या मनात खोट नव्हती, आमच्याही नव्हती. मग चुकले कुठे?

पाडा डोंगराच्या उतारावर आहे. वर शाळा, तिथपर्यंत गाडीरस्ता. खाली ओहोळ, ओहोळाच्या काठी उंबराचे जुने झाड आणि त्याच्याजवळ पूर्वजांनी बांधलेली लहानशी विहीर. विहिरीचा एका बाजूचा कठडा ढासळलेला. आम्ही बोअरची जागा ठरवली ती वर, शाळेजवळ. कारण एकच, बोअरची गाडी तिथपर्यंत जात होती. आणखी एक कारण होते, तेही कबूल करते. रस्त्यावरून पाटी दिसणार होती.

त्या दिवशी एक आजी काठी टेकत आली आणि मला म्हणाली, "बाई, पाणी खाली हाय, उंबराजवळ. वर काय शोधता?" मी हसून तिला बसायला सतरंजी दिली. त्या भागात हातावर नारळ उभा करून पाणी सांगणारे पाणाडी आहेत. कोणीतरी सुचवले होते की एकाला बोलवावे, तर मी ठाम नाही म्हणाले होते, आपल्या विश्वासात ते बसत नाही म्हणून. नारळावर माझा विश्वास नव्हता हे खरे. त्या बोअरच्या गाडीवर मात्र मी डोळे मिटून विश्वास ठेवला.

वरचे वीसेक फूट मुरूम लागला. तो ढासळू नये म्हणून तेवढ्या भागात केसिंग पाईप घातला. मग काळा पाषाण. निळसर राखाडी भुकटीचा लोट उडत होता, मुले खोकत होती. शंभर फूट गेले, काही नाही. एकशे चाळीसच्या सुमारास भुकटी ओली झाली आणि पाण्याचा फवारा आला. आम्ही तिथेच प्रार्थना केली. आजीनेही हात जोडले. दोनशे फुटांवर थांबलो. ते वर्ष हातपंप छान चालला. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये दहा वेळा दांडा मारल्यावर कळशीभर पाणी येऊ लागले, आणि एप्रिलमध्ये तेही बंद झाले.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे कळली. हातपंप झाल्यावर खालच्या विहिरीकडे कोणी फिरकले नाही. दर उन्हाळ्यात पाड्यातले लोक तिचा गाळ काढायचे, तो त्या वर्षी काढला नाही. ढासळलेला कठडा आत पडला, पावसात वरची माती येऊन बसली. म्हणजे आम्ही एक कोरडे भोक दिले आणि एक जिती विहीर घेतली. त्या वर्षी टँकर आधीच्यापेक्षा लवकर लागला.

त्यानंतर मी एका निवृत्त भूवैज्ञानिकांकडे गेले. सरकारी नोकरीत त्यांनी आयुष्यभर विहिरीच पाहिल्या आहेत. ते ख्रिस्ती नाहीत, पण आमच्यासाठी तीन वेळा पाड्यावर आले आणि एसटीचे भाडेसुद्धा घेतले नाही. त्यांनी जे शिकवले ते मला आज तुम्हाला सांगायचे आहे. इथे दगडाचे काय काम, असे वाटेल. पण आपण पाण्यासाठी पैसे देतो, तर पाणी राहते कुठे हे माहीत असायला हवे.

आपल्या डोंगरांचा दगड हा लाव्हारसाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो रस पुन्हा पुन्हा वर आला, पसरला, थिजला. भाकरीवर भाकरी ठेवावी तसे थर झाले. महाराष्ट्राचा पाचात चार भाग याच दगडाचा आहे. शहापूरचा डोंगर, आपला मुलुंडचा डोंगर आणि अंधेरीची गिल्बर्ट हिल, सगळी एकाच कुळातली. अंधेरीला आमच्या एक भगिनी राहतात, त्या म्हणतात की घराशेजारच्या त्या दोनशे फूट उंच काळ्या खांबांकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिले नव्हते. रस थिजताना आकसला, तडकला आणि असे उभे खांब झाले. परदेशात अशी जागा पाहायला लोक तिकीट काढतात.

आता प्रत्येक भाकरीचा वरचा पापुद्रा वेगळा आणि मधला गर वेगळा. रस थिजताना त्यातले वायू वर आले, म्हणून थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत पांढरी खनिजे भरली. विहीर खणणारे त्या ठिपक्याठिपक्यांच्या दगडाला मांजऱ्या म्हणतात. तो लवकर झिजतो, मऊ पडतो, पाणी धरतो. मधला भाग म्हणजे काळा पाषाण. तो घट्ट. त्यात फट असेल तरच पाणी, नाहीतर थेंब नाही. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा, भाजलेल्या मातीसारखा पट्टा असतो. पाणी त्यातून सहसा खाली जात नाही. मग ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत बाहेर येते. तोच आपला झरा. याखेरीज कोकणपट्टीत आणि ठाण्यात उभ्या भिंतींसारखे दगड सगळ्या थरांना छेदून गेलेले आहेत, त्यांना डाईक म्हणतात. भिंतीच्या एका बाजूला पाणी अडते आणि दुसऱ्या बाजूला कोरडे राहते. शेजारी शेजारी दोन विहिरी, एक भरलेली आणि एक रिकामी, याचे कारण पुष्कळदा ही भिंत असते. आपण मात्र ते देवावर किंवा शेजाऱ्याच्या नजरेवर ढकलतो.

मला वाटायचे, जमिनीखाली कुठेतरी मोठे तळे आहे किंवा नदी वाहते आहे, आणि खोल गेले की ती सापडते. तसे काही नाही. पाणी आहे ते दगडाच्या फटींत, छिद्रांत आणि वरच्या मुरमात. साहेबांनी हिशेब करून दाखवला. शंभर हंडे आकाराचा आपला झिजलेला दगड पाण्याने भरलेला घेतला, तर त्यातून निथळून निघते दोन हंडे पाणी. एक ते तीन धरा. गंगेच्या मैदानातली वाळू याच्या कितीतरी पट देते. तिकडे बोअर मारणे आणि इकडे बोअर मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडचे बहुतेक पाणी वरच्या पन्नासेक फुटांत असते, तेही उताराच्या पायथ्याशी आणि ओहोळाच्या काठाला. आम्ही नेमका तोच मुरूम केसिंग पाईप घालून बंद केला आणि खालच्या कातळात भोक पाडले. एकशे चाळीस फुटांवर जे लागले ते एका फटीत साठलेले जुने पाणी होते. आपण ते वर्षभरात उपसून टाकले आणि ती फट पुन्हा भरायला वरून वाट नव्हती. आजी उंबर पाहून सांगत होती. उंबराची मुळे जिथे उन्हाळ्यातही हिरवी राहतात, तिथे पाणी वरच असणार. तिला दगडाची नावे माहीत नव्हती इतकेच.

मग मी त्यांना विचारले, इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो जातो कुठे? ते म्हणाले, भांडेच लहान आहे. जुलैत ते काठोकाठ भरते आणि उरलेला पाऊस वरून वाहून जातो. पावसाळा संपला की भांडे उतारावर असल्यामुळे गळू लागते. झरे, ओहोळ वाहतात ते त्या गळतीचेच. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पुष्कळसे रिकामे. तुम्हाला भांडे मोठे करता येणार नाही, गळती थोडी हळू करता येईल. आणि सगळ्यात शेवटी पाणी जिथे उरते, तिथे विहीर सांभाळता येईल. मला हे उत्तर फार आवडले नाही. दानासाठी आवाहन करताना असे उत्तर उपयोगाचे नसते.

पण हे ऐकल्यापासून मी आपल्याच उपनगराकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. बोरिवलीची मंडळी पोरांना घेऊन सहलीला कान्हेरीला जातात. तिथे शंभराहून जास्त लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी तिथे राहायला सुरुवात केली. लेण्याच्या दाराशी बघा, पाण्याचे टाके कोरलेले असते. तिथल्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटले आहे, आणि दान देणाऱ्यांनी ही पोढी आपण दिली असे कोरून ठेवले आहे. पाटीची हौस जुनीच म्हणायची. गंमत सोडा, पण त्या कारागिरांनी डोंगरावर कातळात बारीक पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्यांत उतरवले. काही टाक्यांत आजही पाणी असते. ज्या कातळातून मार्चमध्ये पाणी निघणार नाही, त्यातच पावसाळ्यात पाणी साठवायचे, हे त्यांनी ओळखले होते.

त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावरून आपल्या चार नद्या निघतात. दहिसर आणि पोयसर राष्ट्रीय उद्यानातून, ओशिवरा आरेच्या बाजूने, आणि मिठी विहार-पवईच्या सांडव्यापासून सुरू होऊन साधारण 18 किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. विहारचा बांध 1860 साली पुरा झाला, तुळशीचा 1879 साली, पवईचा 1891 साली. त्याआधी या डोंगराचे सगळे पाणी या ओढ्यांचेच होते. जंगलात असेपर्यंत दहिसर नदी जाऊन पाहा. दगडांतून निवळ वाहते, मुले डुंबतात. उद्यानाच्या फाटकाबाहेर आली की दोन-तीन वळणांत तिचा नाला होतो. आपण सगळेच तिला नाला म्हणत आलो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळले की मिठी ही नदी आहे. भांडे लहान, आणि आपण त्यावर सिमेंटचे झाकण घातलेले. वरून आलेले पाणी जाणार कुठे?

या नद्यांच्या उगमाशी कोण राहते? आरेत 27 पाडे आहेत. उद्यानाच्या हद्दीतही पाडे आहेत. वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी. मुंबईला तलाव मिळायच्या आधीपासून ही माणसे या डोंगरावर आहेत. त्यांतल्या कित्येकांना घरात नळ नाही. जंगलातून पाईप न्यायचा तर वनखात्याची परवानगी लागते, आणि कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना पावसाळे जातात. आमच्या शिवणवर्गाला येणारी एक मुलगी गोरेगावच्या एका उंच इमारतीत घरकाम करते. तिच्या मालकिणीच्या घरी चार नळ आहेत. एकदा ती मला म्हणाली, "ताई, भांडी घासताना नळ सोडून ठेवलेला मला बघवत नाही, पण सांगू कोणाला?" संध्याकाळी घरी गेल्यावर ती झऱ्यावर हंडा लावते. पावसाळा संपल्यावर हंडा भरायला पाच मिनिटे लागतात, मेमध्ये तासभर.

त्या झऱ्यावर मी दोनदा तिच्याबरोबर बसले आहे. झरा विटकरी पट्ट्यावरच आहे, आता मला ओळखता येते. वरच्या बाजूला झाडी आहे तोवर तो आहे. वरची माती खरवडली, झाडे गेली, राडारोडा टाकला की पाऊस मुरायच्या आत निघून जाईल आणि झरा दिवाळीतच आटेल. म्हणून कोणी मला विचारले, की पाड्याच्या वरच्या जंगलाचा आणि तुमच्या संस्थेच्या कामाचा काय संबंध, तर मी सांगते की त्या मुलीच्या हंड्याचा संबंध आहे. आम्ही राजकारण करतो असा एकदोघांनी आक्षेप घेतला होता. त्यांना मी तो हंडा उचलून पाहायला बोलावले आहे. अजून आलेले नाहीत.

आता शहापूरच्या पाड्याकडे परत येते, कारण पैशांचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

इसहाकाची गोष्ट उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. त्याच्या बापाच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने काय केले? त्याच विहिरी पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेली नावेच त्यांना पुन्हा दिली. नवीनही खणल्या, त्यांवरून भांडणे झाली, तो पुढे सरकला. मला त्या जुन्या विहिरींचा भाग महत्त्वाचा वाटतो. आमच्या पाड्यावरची विहीर पलिष्ट्यांनी बुजवली नव्हती, आम्ही बुजवली होती. मुंबईचा इतिहासही काही वेगळा नाही. मलेरियाच्या डासांमुळे 1911 च्या सुमारास शहरातल्या विहिरी झाकायला, बुजवायला सुरुवात झाली. त्यामागचे कारण खरे होते. पण तलावाचे पाणी आले आणि विहीर विसरली गेली. उपनगरातल्या आपल्या जुन्या गावठाणांत अजून काही विहिरी आहेत, बाजूला क्रूस उभा असलेल्या. एकदा डोकावून पाहा, बहुतेकींत प्लास्टिक असते.

गेल्या मे महिन्यात आम्ही पाड्यातल्या लोकांबरोबर उंबराजवळची विहीर उपसली. आपल्या तरुण संघातली सहा मुले आली होती, त्यांची नावे घेत नाही, ती लाजतील. चार दिवस गाळ काढला. तळाला जुना मांजऱ्या लागला तेव्हा आजी काठावरून ओरडली, की आता थांबा, तो फोडू नका, तोच पाणी देतो. साहेबही तेच म्हणाले. मग पाड्यातल्या दोन गवंड्यांनी दगडी कठडा बांधला. विहिरीच्या वरच्या उतारावर समपातळीत चर खणले, माती अडवायला दगडांचे छोटे बांध घातले. सगळी मजुरी, सिमेंट आणि जेवण धरून खर्च बोअरच्या निम्म्याहूनही कमी आला. शिल्लक रक्कम बँकेत आहे, खातेपुस्तक मी आणले आहे, उपासनेनंतर कोणीही पाहू शकता.

पाड्यातली दहावीची एक मुलगी आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडते आणि पाण्याची खोली वहीत लिहिते. माझ्या मते ही वही आमच्या आजवरच्या कामातली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. विहिरीत किती उरले आहे हे दिसू लागल्यापासून मार्चमध्ये कपडे कुठे धुवायचे, गुरांना कुठे न्यायचे यावर पाड्याच्या बैठकीत बोलणे होते. पहिल्या बैठकीत भांडण झाले. दुसऱ्या बैठकीतही झाले. तिसरीत ठरले की पिण्याचे पाणी आधी, आणि विहिरीच्या आसपास कोणी नवी बोअर मारायची नाही.

मी तुम्हाला असे सांगणार नाही की टँकर बंद झाला. यंदा तो महिनाभर उशिरा लागला, एवढेच. एप्रिलच्या शेवटी विहिरीत हातभर पाणी होते आणि चौतीस घरे. मुरमाच्या भांड्यात याहून जास्त बसत नाही. शेवटचे सहा आठवडे त्या पाड्याला बाहेरून पाणी लागणारच, आणि ते द्यायची जबाबदारी आपल्या दानपेटीची नाही. ज्या तालुक्याच्या धरणांतून एक महानगर पाणी पिते, त्या तालुक्यातल्या पाड्याला नळ मिळणे हा त्यांचा हक्क आहे. आपण दान देतो तेव्हा हे विसरायला होते. पाड्याच्या ग्रामसभेने नळयोजनेसाठी ठराव केला आहे. त्याच्या पाठपुराव्याला लोकप्रतिनिधींकडे जाताना आपल्या मंडळीचे चार वडील बरोबर आले, तर दहा बोअरच्या पैशांहून त्याचा उपयोग जास्त होईल. आपण पाणी पिणारे आहोत. पिणाऱ्याने येऊन सांगितले तर ऐकणाऱ्याला थोडे अवघड जाते.

पुढच्या कामाविषयी. यापुढे आमची संस्था कोणत्याही पाड्यावर जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला जागा दाखवल्याशिवाय एक फूटही खणणार नाही. आणि त्याआधी पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारेल. बोअरसाठी दान घेणे आम्ही सध्या थांबवले आहे. कुणाच्या आईवडिलांच्या स्मरणार्थ द्यायचे असेल तर जुन्या विहिरीचा गाळ, झऱ्याचा कठडा, चर यांसाठी द्या. पाटी लावता येणार नाही, कारण चरावर पाटी कुठे लावणार, पुढच्या पावसात ती मातीखाली जाईल. नावे या त्रैमासिकात छापू.

जुन्या हातपंपावरची पाटी काढायची का, असे पाळकसाहेबांनी मला विचारले होते. मी पाड्यात विचारले. आजी म्हणाली, राहू द्या, पोरे त्या दांड्यावर झोके घेतात.

पाड्याजवळच्याच दुसऱ्या एका वाडीत अशीच एक बुजलेली विहीर आहे. तिचे काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात करायचे आहे. घमेली, फावडी आहेत. दोर आणि हात हवेत. गुडघ्यापर्यंत चिखलात उभे राहायची तयारी हवी, आणि पहिल्या दिवशी वास येतो. स्त्रियांची राहण्याची सोय शाळेत, पुरुषांची समाजमंदिरात. ज्यांना यायचे आहे त्यांनी या महिनाअखेरपर्यंत तरुण संघाच्या चिटणीसांकडे नावे द्यावीत.